शौचाची जागा झाली, पण किडनी पाहिली का?

बाळ जन्मले, रडले, अंगावर प्यायला लागले. घरात आनंद आहे. दुसऱ्या दिवशी पोट फुगलेले दिसते, बाळ हिरवट ओकते. सिस्टरबाई लंगोट सोडून नीट पाहतात, तर शौचाची जागाच नाही. मग एकच धावपळ उडते. परभणीहून नांदेड, नाहीतर छत्रपती संभाजीनगर. पोटावर शौचाची वाट काढली जाते. काही महिन्यांनी खरी जागा तयार करण्याचे ऑपरेशन होते, त्यानंतर पोटावरची वाट बंद करतात. आईवडील तीन-तीन वेळा दवाखान्याच्या व्हरांड्यात रात्री काढतात आणि शेवटी म्हणतात, "झालं एकदाचं."

या 'झालं'बद्दलच आम्हाला या वेळच्या आरोग्य पानावर बोलायचे आहे. शौचाची जागा डोळ्यांना दिसते, म्हणून तिच्यावर इलाज होतो. किडनी दिसत नाही. आणि हा जन्मदोष असलेल्या बऱ्याच बाळांच्या किडनीत किंवा लघवीच्या मार्गातही जन्मतःच काही ना काही दोष असतो. तो शोधायला एक साधी, न दुखणारी तपासणी पुरते: किडनीची सोनोग्राफी. ती झाली नाही तर शौचाच्या ऑपरेशनातून सुखरूप वाचलेले मूल पुढे किडनीमुळे हातचे जाऊ शकते.

हा दोष किती बाळांना होतो?

साधारण पाच हजार जन्मांमागे एका बाळाला हा दोष असतो. आकडा लहान वाटतो, पण आपल्या जिल्ह्याचा हिशेब करून पाहू. २०११ च्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार होती. हजार माणसांमागे वर्षाला सोळा जन्म धरले, तर वर्षाला तीस हजारांच्या आसपास बाळे होतात. म्हणजे जिंतूर ते पालम, सेलू ते गंगाखेड अशा नऊ तालुक्यांत मिळून वर्षाला पाच-सहा बाळे या दोषासह जन्मत असणार. दहा वर्षांत पन्नास-साठ. एखाद्या वस्तीत असे मूल नसेलही, पण पाहुण्यारावळ्यांत कुठेतरी असेल.

दोषाचे प्रकार अनेक आहेत. काही बाळांना जागा अजिबात नसते. काहींना नेहमीच्या ठिकाणाच्या थोडे पुढे बारीक छिद्र असते आणि त्यातून थोडी थोडी शी येते. मुलग्यांमध्ये आतडे आतल्या आत लघवीच्या नळीला जोडलेले असू शकते. तेव्हा लघवीतून हिरवट-काळी शी येते. मुलींमध्ये शी योनीच्या तोंडाजवळून येते. अशा वेळी "शी होते ना, मग काय झालं" असे म्हणून घरचे गप्प बसतात आणि मुलीचे निदान महिनोन्महिने, कधी वर्षभर लांबते. मुलींमधला सगळ्यात अवघड प्रकार म्हणजे लघवी, योनी आणि शौच या तिघांची मिळून एकच वाट असणे.

म्हणून पहिले काम जन्माच्या दिवशीचे आहे. बाळाला पुसून कपड्यात गुंडाळण्याआधी शौचाची जागा योग्य ठिकाणी आहे का, हे सिस्टरबाईंना पाहायला सांगावे. चोवीस तासांत पहिली काळी शी झाली नाही तर लगेच डॉक्टरांना सांगावे. बाळंतपणानंतर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्यांनाही बाळाचा लंगोट सोडून दाखवावा. यात लाजण्यासारखे काही नाही.

शौचाचा आणि किडनीचा संबंध काय?

हा प्रश्न हमखास विचारला जातो. दोष खाली आणि तपासणी वर, असे का?

आईच्या पोटात बाळ चार ते आठ आठवड्यांचे असते तेव्हा त्याच्या शरीराच्या खालच्या भागात एकच पोकळी असते. शौच आणि लघवी दोन्हींसाठी ती एकच. हळूहळू मध्ये पडदा तयार होतो, पुढे लघवीचा मार्ग आणि मागे शौचाचा मार्ग वेगळा होतो. किडनीही याच दिवसांत, याच भागात तयार व्हायला लागते आणि नंतर वर सरकून कमरेच्या दोन बाजूंना जाऊन बसते. पाठीच्या कण्याचे खालचे टोकही याच सुमारास घडत असते. म्हणजे एकाच वेळी, शेजारी शेजारी बरीच बांधकामे चालू असतात. एका ठिकाणी गडबड झाली की शेजारच्या कामातही चूक राहण्याची शक्यता वाढते.

म्हणूनच या बाळांमध्ये शंभरातल्या साधारण तीस ते पन्नास जणांना लघवीच्या मार्गाचा किंवा किडनीचा दोष सापडतो. दोष जितका वरचा आणि गुंतागुंतीचा, तितकी ही शक्यता जास्त. एकच वाट असलेल्या मुलींमध्ये ती सगळ्यात जास्त असते. मात्र सौम्य दोष असलेल्या बाळाची किडनी चांगलीच असेल असे धरून चालता येत नाही. म्हणून दोष लहान असो की मोठा, सोनोग्राफी प्रत्येक बाळाची करायची.

हृदय, अन्ननलिका, कणा आणि हातापायांची हाडे यांतही अशा बाळांना दोष असू शकतात. त्यामुळे डॉक्टर हृदयाची तपासणी करतात, तोंडावाटे पोटात नळी घालून अन्ननलिका मोकळी आहे का ते पाहतात, कण्याचा फोटो काढतात. ऑपरेशन कोणत्या प्रकारचे करायचे हे ठरवायला डॉक्टर कधी कधी चोवीस तास थांबतात. "बाळाचं पोट फुगलंय आणि डॉक्टर नुसतेच थांबलेत" असे घरच्यांना वाटते. पण त्या वेळात बाळाला सलाईन लावलेले असते आणि या तपासण्या चालू असतात. किडनीची पहिली सोनोग्राफी त्याच वेळी करून घ्यायची असते.

किडनी दुखत नाही, म्हणूनच धोका

किडनीला काय काय झालेले असू शकते? एक बाजूची किडनीच नसणे. किडनी जागेवर न जाता खाली ओटीपोटात राहणे. दोन्ही किडन्या खालच्या टोकाला जोडल्या जाऊन घोड्याच्या नालेसारख्या दिसणे. लघवी उतरायला अडथळा असल्याने किडनी फुगणे. आणि पुष्कळदा आढळणारा दोष म्हणजे मूत्राशयातली लघवी उलटी वर किडनीकडे जाणे.

यातले काहीही बाळाला दुखत नाही. बाळ दूध पिते, हसते, खेळते. लघवीही होताना दिसते. दोन्ही किडन्या मिळून काम इतके सांभाळून घेतात की निम्म्याहून जास्त ताकद गेली तरी वरून काही कळत नाही. उलटी जाणारी लघवी आपल्यासोबत जंतू नेते. एकदा ताप येतो, गोळीने उतरतो. पुन्हा येतो, पुन्हा उतरतो. दर वेळी किडनीवर एक व्रण राहतो. पाच-सात वर्षांनी मूल खुरटलेले दिसते, चेहरा फिकट पडतो, रक्तदाब वाढलेला निघतो, आणि तेव्हा कळते की किडनी गेली. त्यानंतरचा रस्ता डायलिसिसचा. मोठ्या माणसाला आठवड्यातून दोन-तीन वेळा त्या यंत्राजवळ बसवणे घराला जड जाते. लहान मुलाचे डायलिसिस तर मोजक्याच ठिकाणी होते. मजुरी बुडवून, एका लेकराला घेऊन, दुसरी लेकरे शेजाऱ्यांवर सोडून ते किती दिवस करणार?

हेच पहिल्या काही दिवसांत समजले तर बहुतेक वेळा औषध, लक्ष आणि गरज पडल्यास एखादे ऑपरेशन यावर किडनी वाचवता येते.

सोनोग्राफीला घाबरायचे कारण नाही

सोनोग्राफीत आवाजाच्या लहरी असतात. त्या आपल्या कानांना ऐकू येत नाहीत. त्या शरीरात जाऊन परत येतात आणि पडद्यावर चित्र उमटते. एक्स-रेसारखे किरण त्यात नसतात, म्हणून ही तपासणी कितीही वेळा केली तरी बाळाला अपाय नाही. सुई नाही, भूल नाही. पोटाला आणि पाठीला थंड जेली लावतात, त्याने बाळ दोन मिनिटे रडेल, इतकेच. पोटावर शौचाची वाट काढलेली असली तरी सोनोग्राफी करता येते, कारण किडनी पाठीकडूनही दिसते.

उपाशी ठेवायची गरज नसते. उलट लघवीची पिशवी भरलेली असावी लागते. तान्ह्या बाळाला थोड्या वेळापूर्वी अंगावर पाजावे. मोठ्या मुलाला पाणी पाजून लघवी थोडी धरून ठेवायला सांगावे. मोठ्या मुलाची सोनोग्राफी लघवीआधी आणि लघवीनंतर अशी दोनदा करायला सांगितले जाते. लघवी केल्यावरही पिशवीत किती उरते, ते त्यातून कळते.

सोनोग्राफी म्हटले की भिंतीवरची 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी डोळ्यांपुढे येते आणि काही जण बिचकतात. १९९४ चा तो कायदा पोटातल्या बाळाचे लिंग तपासून मुली पाडण्याविरुद्ध आहे आणि तो योग्यच आहे. जन्मलेल्या बाळाची किडनी पाहण्याशी त्याचा काही संबंध नाही.

आणखी एक गैरसमज. "गरोदरपणी सोनोग्राफी केली होती, सगळं नॉर्मल होतं." शौचाची जागा नसणे गरोदरपणीच्या सोनोग्राफीत बहुधा दिसून येत नाही. किडनीची सूज मात्र कधी कधी दिसते. म्हणून गरोदरपणीचे रिपोर्ट फेकू नयेत, बाळाच्या डॉक्टरांना दाखवावेत. पण ते 'नॉर्मल' होते म्हणून बाळाची सोनोग्राफी टाळू नये.

एकदा करून भागत नाही

पहिली सोनोग्राफी जन्मानंतर लवकर, शक्यतो पहिल्या ऑपरेशनच्या आधी होते. पण पहिल्या दोन दिवसांत बाळाला लघवी कमी होते. त्यामुळे किडनीची सूज असली तरी तेव्हा ती दिसत नाही किंवा कमी दिसते. म्हणून पहिला रिपोर्ट चांगला आला तरी आठवड्याभराने किंवा महिना-दीड महिन्याने दुसरी सोनोग्राफी करायला सांगतात. अनेक घरे इथेच चुकतात. पहिला रिपोर्ट चांगला म्हणून दुसरा राहतो तो राहतोच.

याच सुमारास पाठीच्या खालच्या भागाचीही सोनोग्राफी करून घ्यावी. मज्जारज्जू खाली ओढला जाऊन अडकलेला असेल तर लघवीच्या पिशवीच्या नसा बिघडतात. बाळ तीन महिन्यांचे होण्याआधी कण्याची हाडे पुरती कठीण झालेली नसतात, तोवरच आतले सोनोग्राफीत नीट दिसते. पुढे त्यासाठी एम.आर.आय. लागतो. त्याला जास्त खर्च येतो आणि लहान मुलाला गुंगीही द्यावी लागते. तीन महिन्यांची ही मुदत घरात सगळ्यांनी ध्यानात ठेवावी.

त्यानंतर किती दिवसांनी तपासायचे हे बाळाच्या दोषावर अवलंबून असते. काहींना दर सहा महिन्यांनी, काहींना वर्षाने. तारीख डॉक्टर ठरवतील. आपण ती विचारून कागदावर लिहून घ्यावी. मुलगी पाळी येण्याच्या वयाची झाली की गर्भाशय आणि योनीमार्ग पाहण्यासाठी सोनोग्राफी पुन्हा करावी. पाळीचे रक्त बाहेर यायला वाट नसेल तर दर महिन्याला पोटात दुखते आणि घरचे 'जेवणातलं काही बाधलं' म्हणून सोडून देतात.

रिपोर्टमध्ये काय लिहिलेले असते?

रिपोर्ट इंग्रजीत असतो. घरातल्या शिकणाऱ्या मुलामुलींनी तो वाचून दाखवावा. काही शब्द ओळखीचे करून ठेवले तर डॉक्टरांना नेमके विचारता येते.

के.यू.बी. म्हणजे किडनी, किडनीतून खाली येणारी मूत्रवाहिनी आणि लघवीची पिशवी. चिठ्ठीवर ही तीन अक्षरे असली की तपासणी लघवीच्या मार्गाची आहे, असे समजावे.

'राइट किडनी' म्हणजे उजवी, 'लेफ्ट किडनी' म्हणजे डावी. दोन्हींची नावे आणि मापे रिपोर्टमध्ये आहेत का, हे आधी पाहावे.

'हायड्रोनेफ्रोसिस' म्हणजे लघवी साठून किडनी फुगलेली आहे. पुढे 'माइल्ड', 'मॉडरेट' किंवा 'सिव्हिअर' असे लिहितात. माइल्ड म्हणजे थोडी सूज. ती पुष्कळदा आपोआप कमी होते, पण पुन्हा पाहणे सोडू नये.

'नॉट व्हिज्युअलाइज्ड' म्हणजे किडनी तिच्या जागेवर दिसली नाही. ती नसेलच असे नाही, खाली ओटीपोटातही असू शकते. डॉक्टर पुढची तपासणी सांगतील.

'पोस्ट व्हॉइड रेसिड्यू' म्हणजे लघवी केल्यावरही पिशवीत उरलेली लघवी.

एकच किडनी निघाली तर घाबरून जाऊ नये. एक चांगली किडनी दोघींचे काम करते. असे मूल शाळा शिकते, कामधंदा करते, संसार करते. फक्त त्या एका किडनीला जपायचे असते. वर्षातून एकदा रक्तदाब आणि लघवीची तपासणी करावी. अंगदुखीच्या, तापाच्या नावाखाली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या-इंजेक्शने मनाने देऊ नयेत. कोणत्याही डॉक्टरकडे गेलो तरी "याला एकच किडनी आहे" हे पहिल्या वाक्यात सांगावे.

सोनोग्राफीला सगळेच दिसते असेही नाही. लघवी उलटी जाते का, हे साध्या सोनोग्राफीत खात्रीने कळत नाही. त्यासाठी एम.सी.यू. नावाची तपासणी असते. लघवीच्या जागेतून बारीक नळी घालून औषध सोडतात आणि लघवी होताना एक्स-रे काढतात. ती प्रत्येक बाळाला लागतेच असे नाही. डॉक्टरांनी सांगितली तर मात्र 'एवढ्याशा जिवाला नळी नको' म्हणून टाळू नये. किडनी किती काम करते हे रक्तातल्या क्रिएटिनिनवरून कळते. पहिल्या काही दिवसांत बाळाच्या रक्तातला हा आकडा आईचाच असतो, म्हणून ती तपासणीही पुन्हा करतात.

ऑपरेशन लांब, सोनोग्राफी जवळ

शौचाची जागा तयार करण्याचे ऑपरेशन लहान मुलांच्या सर्जननेच करायचे असते. पाठीमागून मधोमध छेद घेऊन, स्नायू नीट ओळखून जागा तयार करण्याची आज जगभर वापरली जाणारी पद्धत डॉ. पीटर डी व्ह्रीज आणि डॉ. अल्बर्टो पेन्या यांनी १९८२ मध्ये मांडली. या ऑपरेशनसाठी आपल्याकडून बाळांना बहुधा नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे, छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत, नाहीतर मुंबईला परळच्या वाडिया रुग्णालयात पाठवतात. तपोवन किंवा देवगिरी पकडून जायचे, तिथे राहायचे, हे सगळे आलेच.

पण किडनीची पुढची प्रत्येक सोनोग्राफी तिथेच जाऊन करायला हवी असे नाही. ती परभणीच्या सरकारी रुग्णालयातही करता येते. २०२३ पासून परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना सुट्टी मिळतानाच विचारावे: "पुढची के.यू.बी. सोनोग्राफी कधी करायची? ती परभणीत करून रिपोर्ट आणला तर चालेल का?" तसे चिठ्ठीवर लिहून घ्यावे. चिठ्ठी असली की खिडकीवर वाद होत नाहीत आणि एका प्रवासाचे भाडे वाचते. ज्या बाळाला भाड्यापायी नेणे राहते, त्याच्यासाठी हा मोठा फरक आहे.

पैशांबाबत तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

एक, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम. २०११ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात आजारी बाळाला एक वर्षाचे होईपर्यंत सरकारी रुग्णालयात उपचार, औषधे, तपासण्या आणि ने-आण मोफत आहे. सोनोग्राफी ही तपासणीच आहे. मोठ्या दवाखान्यात तातडीने नेण्यासाठी १०२ किंवा १०८ वर फोन करावा.

दोन, महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना. ती मुख्यतः दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आणि ऑपरेशनसाठी आहे. दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटून बाळाचे ऑपरेशन योजनेत कसे बसते ते विचारावे. बाळाचे नाव रेशनकार्डावर चढलेले नसले तरी जन्माचा कागद आणि आईवडिलांचे रेशनकार्ड घेऊन जावे. योजनेची मदत १५५३८८ या क्रमांकावर मिळते. सुट्टी झाल्यावर महिन्यांनी करायच्या सोनोग्राफीसाठी मात्र योजनेवर न विसंबता सरकारी रुग्णालय गाठावे.

तीन, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यातल्या पालघरहून तो सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. या कार्यक्रमाच्या मूळ यादीत जन्मतःच्या नऊ दोषांची नावे आहेत: फाटलेला ओठ, वाकडे पाय, हृदयाचे दोष वगैरे. शौचाची जागा नसणे त्यात नाव घेऊन लिहिलेले नाही. त्यामुळे पथकातले डॉक्टर आपणहून किडनीबद्दल विचारतील याची वाट पाहू नये. मूल समोर नेऊन, ऑपरेशनचा कागद दाखवून आपणच सांगावे: "याची किडनीची सोनोग्राफी राहिली आहे, चिठ्ठी द्या."

ऊसतोडीला, वीटभट्टीला जाताना

गंगाखेड, सोनपेठ, पालमकडची अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात ती उन्हाळा लागेपर्यंत परतत नाहीत. कुणी वीटभट्टीवर, कुणी पुण्या-मुंबईला बांधकामावर जाते. तपासणीची तारीख नेमकी याच महिन्यांत पडते आणि बुडते. एकदा बुडाली की मग कोण परत जाणार?

यावर आमची एक सूचना आहे. डॉक्टरांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी सांगितली असेल तर ती दोन दिवसांशी जोडून टाका. एक आपला धम्मचक्र प्रवर्तन दिन, दसऱ्याचा. दुसरी १४ एप्रिलची भीमजयंती. या दोघांमध्ये साधारण सहा महिन्यांचे अंतर असते. पहिला दिवस गाव सोडण्याआधी येतो आणि दुसऱ्याला बहुतेक माणसे गावी परतलेली असतात. त्या त्या आठवड्यात सोनोग्राफी करून घ्यावी. डॉक्टरांनी याहून लवकरची तारीख दिली असेल तर अर्थातच तीच पाळावी.

बाहेरगावी जाताना बाळाचे कागद सोबत न्यावेत. आपल्या घरात जातीचा दाखला, रमाई आवासची फाइल पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेली असते. तशीच या मुलाची एक फाइल करावी. त्यात जन्माचा कागद, ऑपरेशनचे कागद, सगळे सोनोग्राफी रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून ठेवावेत. प्रत्येकाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. दोन रिपोर्ट शेजारी ठेवले की किडनी वाढते आहे की आकसते आहे, हे डॉक्टरांना एका नजरेत कळते. एकटा रिपोर्ट एवढे सांगत नाही.

घरी काय पाहायचे?

सर्दी-खोकला नसताना ताप येणे, लघवी करताना रडणे, लघवीला घाण वास येणे, ती गढूळ किंवा लाल दिसणे, लघवीत शी दिसणे, धार बारीक असणे किंवा सारखे थेंब थेंब गळत राहणे, वजन न वाढणे, सारखे ओकणे, ओटीपोटात गोळा लागणे. यातले काहीही दिसले तर थांबू नये. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मोठ्या मुलाला ताप आला तर औषध सुरू करण्याआधी लघवी तपासायला सांगावे. एकदा औषध पोटात गेले की जंतू कोणता होता, ते नीट सापडत नाही.

बद्धकोष्ठ हेही किडनीचे दुखणे समजावे. ऑपरेशन झालेल्या बऱ्याच मुलांना शौच साफ होत नाही. आतडे भरले की ते लघवीच्या पिशवीवर दाब देते, लघवी पूर्ण उतरत नाही, मग जंतू धरतात. डॉक्टरांनी दिलेले पोट साफ होण्याचे औषध मधेच बंद करू नये.

परभणीचा उन्हाळा आपण जाणतोच. मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. पोटावर शौचाची वाट असलेल्या बाळाचे पाणी आणि मीठ मोठ्यांपेक्षा लवकर कमी होते आणि त्याचा ताण किडनीवर येतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अंगावरचे दूध पुन्हा पुन्हा द्यावे, मोठ्याला पाणी. जुलाब झाले तर ओ.आर.एस. द्यावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

शाळेत जाणारे मूल चड्डीत लघवी करत असेल तर त्याला मारू नये, चिडवू नये. नसांचा दोष असेल तर त्याचा त्यात काही अपराध नाही. अशा मुलांची लघवी ठरावीक वेळी स्वच्छ बारीक नळीने काढायला आईला शिकवतात. हात धुऊन, रोज केले की ते अंगवळणी पडते आणि किडनी वाचते. वर्गशिक्षकांना एकांतात सांगून ठेवावे, म्हणजे मुलाला मधेच उठून जायची मुभा राहील.

दोष आईचा नाही

ग्रहणात बाहेर पडली, काही कापले, कुणाची नजर लागली, कुणी केले-सवरले, असे बोल बाळंतिणीला ऐकवले जातात. यात काडीचेही तथ्य नाही. हा दोष का होतो याचे नेमके कारण बहुतेक वेळा सापडत नाही, आणि बहुतेक घरांत पुढचे मूल निरोगी जन्मते. ज्या दिवसांत हे घडते, त्या दिवसांत बाईला दिवस गेल्याचेही पुष्कळदा नक्की कळलेले नसते. देवऋषाकडे, उताऱ्यात घालवलेला एक एक दिवस बाळाच्या किडनीतून वजा होतो. आईला बोल लावला की ती मूल लपवायला लागते. आणि लपवलेल्या मुलाची, त्यातही मुलीची, तपासणी होत नाही.

आपल्या विहारात महिला मंडळाची बैठक होते, उपासिका जमतात. तिथे हा विषय काढावा. वस्तीत, नात्यात असे मूल असेल तर त्याच्या घरी जाऊन ऑपरेशन कसे झाले एवढेच विचारून परतू नये. शेवटची किडनीची सोनोग्राफी कोणत्या तारखेला झाली, हेही विचारावे. तारीख सांगता आली नाही, तर त्या आईसोबत एकीने दवाखान्यात जावे. खिडकीवर दोघी उभ्या राहिल्या तर काम लवकर होते.